काट मारलेलं नाव

मागच्या आठवड्यात भाची माझ्याकडे अभ्यासाला आली होती. परीक्षा तोंडावर, टेबलभर वह्या, आणि मध्ये एक छापील कागद, २० अमिनो आम्लांच्या, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांच्या, यादीचा. बराच वेळ ती काहीतरी पुटपुटत होती, मग एकदम गप्प झाली आणि पेन्सिलीची करकर ऐकू यायला लागली. मान वर करून पाहिलं तर ती यादीतल्या नावांवर काट मारत होती. एकेक नाव, डावीकडून उजवीकडे, पट्टी न धरता. "हे काय करतेस गं?" म्हटलं, तर म्हणाली, "मावशी, ही अकरा अनावश्यक आहेत. नऊच पाठ करायची. बाकीची शरीर आपलं आपण बनवतं." मी "बरं" म्हटलं आणि हातातल्या कामाकडे वळले. पण नजर पुन्हा पुन्हा त्या कागदाकडे जात राहिली. एक काट ग्लायसिन या नावाच्या बरोबर मधून गेली होती. पेन्सिलीचं टोक बोथट झालं असावं, कारण रेघेच्या कडेला शिशाची भुकटी पसरून अक्षरं राखाडी पडली होती.

तिचं चुकलं होतं असं नाही. ९ अमिनो आम्लं बाहेरून मिळावीच लागतात, उरलेली ११ शरीर घडवू शकतं, आणि परीक्षेत विचारतात ती ९. मी शाळेत विज्ञान शिकवायचे तेव्हा हेच वाक्य फळ्यावर लिहायचे. 'आवश्यक'खाली ठळक रेघ, 'अनावश्यक'खाली नुसती नावं, आणि तास संपत आला असेल तर नावंही नाहीत. तरीही भाची घरी गेल्यावर तो कागद टेबलावरच राहिला आणि रात्री उशिरापर्यंत मला टोचत राहिला. दुसऱ्या कुठल्या नावावरची काट मला इतकी लागली नसती. ग्लायसिनचं आणि आमच्या घराचं एक जुनं नातं आहे.

त्याच्यामुळे आप्पांना एकदा काही तास दिसेनासं झालं होतं.

आप्पांचं प्रोस्टेट वाढलं होतं. मूत्रमार्गातून दुर्बीण आत घालायची आणि विजेवर चालणाऱ्या तारेच्या कड्याने वाढलेला भाग थोडा थोडा खरवडून काढायचा, अशी ती शस्त्रक्रिया. कमरेखालचा भाग बधिर केलेला, माणूस जागा. रक्ताने आतलं दृश्य गढूळ होऊ नये म्हणून तिथे सतत द्रव सोडत राहावं लागतं. त्या द्रवाच्या तीन-तीन लिटरच्या फुगीर पिशव्या ढकलगाडीवर रचून आमच्या समोरून आत नेल्या. मी सहज लेबल वाचलं. ग्लायसिन, १.५ टक्के. ज्या नावापाशी पोहोचेपर्यंत माझ्या वर्गातली घंटा व्हायची, ते नाव इथे खोक्याखोक्याने आत चाललं होतं. भूलतज्ज्ञ बाहेर आले तेव्हा न राहवून विचारलं, नेहमीचं सलाईन का नाही? त्यांनी घाईत, पण नीट सांगितलं. मिठाच्या पाण्यातून वीज वाहते. कड्यापाशी एकवटायला हवा तो प्रवाह सगळीकडे पांगतो आणि कड्याची धार जाते. साधं पाणी वापरावं तर ते उघड्या शिरांमधून रक्तात शिरतं आणि लाल पेशी फुगून फुटतात. म्हणून असं काहीतरी विरघळवायचं जे पाण्याला थोडा दाटपणा देईल, पण वीज वाहणार नाही.

हे ग्लायसिनला कसं जमतं ते मला खरं तर माहीत होतं, फक्त त्या अंगाने मी कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या एका टोकाला अमिनो गट असतो, दुसऱ्या टोकाला आम्लाचा. पाण्यात आम्लाचं टोक आपला प्रोटॉन सोडतं आणि ऋण होतं, अमिनोचं टोक एक प्रोटॉन घेतं आणि धन होतं. एकाच रेणूवर दोन्ही भार, आणि बेरीज शून्य. मीठ पाण्यात पडलं की त्याचे दोन तुकडे होतात, एक या ध्रुवाकडे जातो, दुसरा त्या. ग्लायसिनची दोन्ही टोकं एकमेकांना बांधलेली, त्यामुळे ते कुठल्याच ध्रुवाकडे जात नाही. विजेची ओढ असते तरी ते जागच्या जागी वळतं फक्त. ऑपरेशन थिएटरच्या बंद दाराबाहेर बसून मी याचाच विचार करत होते. आप्पांचा विचार करण्यापेक्षा ते सोपं होतं.

दोनेक तासांनी त्यांना बाहेर आणलं. मी जवळ गेले, कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं. ते म्हणाले, "दिवे गेलेत का गं?" डोक्यावर ट्यूबलाइट लखलखत होती. मी म्हटलं, नाही आप्पा. ते काही बोलले नाहीत, पण माझा हात शोधायला लागले, आणि तो हात त्यांच्या डोळ्यांसमोर होता. तो क्षण अजून माझ्या पोटात आहे. धावाधाव झाली, रक्त तपासलं, सोडियम खाली आलेलं, शरीरात शिरलेलं जादा पाणी काढायची औषधं सुरू झाली. मग भूलतज्ज्ञांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की कापलेल्या शिरांमधून तो द्रव काही प्रमाणात रक्तात शिरतो आणि कधी कधी नजर अशी जाते. दृष्टिपटलातल्या काही पेशी एकमेकींना 'गप्प राहा' असं सांगतात तेव्हा जो निरोप पाठवतात, तो निरोप म्हणजे ग्लायसिन. आज तोच निरोप एकदम सगळीकडे पोहोचला होता. "उतरेल," ते म्हणाले, "यकृत त्याचा निकाल लावतं." रात्री नऊच्या सुमाराला आप्पा म्हणाले, खिडकी आहे का तिकडे? आणि मग थोड्या वेळाने, "तुझा चष्मा दिसतोय." त्या दिवसाबद्दल ते आजही बोलत नाहीत. एकदाच म्हणाले होते, "अंधार गार होता."

पुढचे कित्येक दिवस मला त्या पदार्थाचा राग होता, आणि राग कुणावर धरायचा तेच कळत नव्हतं. कुणाचा हलगर्जीपणा झाला होता असं मला आजही वाटत नाही. आणि ते विषही नव्हतं. आप्पांच्या रक्तात ते जन्मापासून होतं, माझ्याही आहे, आत्ता हे वाचणाऱ्याच्याही आहे. मग आकडेमोड केली. त्या पिशवीत लिटरला १५ ग्रॅम, म्हणजे रक्तात नेहमी असतं त्याच्या शेकडो पट. आणि रक्तात जेवढं असतं त्याच्या काही टक्केच मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात असतं. तिथे शरीर त्याला फार राखून वापरतं. निरोप देऊन झाला की पेशी ते लगेच ओढून परत आत घेतात. एक दुर्मीळ आजार आहे, त्यात ग्लायसिन मोडणारी यंत्रणाच जन्मतः बिघडलेली असते. नवजात बाळ मलूल पडतं, अंग सैल, वारंवार उचक्या, आणि श्वास थांबू लागतो. घरच्या घरी बनणाऱ्या, यादीत काट मारलेल्या पदार्थाची ही दुसरी बाजू. तो जागेवर पोहोचला नाही तर काय होतं, यासाठी मात्र आपल्या भाषेत एक शब्द फार जुना आहे.

धनुर्वात.

शरीर धनुष्यासारखं मागे वाकतं, जबडा आवळला जातो, भांडं पडल्याचा आवाज किंवा दाराच्या फटीतून आलेला उजेडही झटका आणायला पुरतो. शब्द घडवणाऱ्याने जे पाहिलं तेच शब्दात ठेवलं. आत घडतं ते असं: स्नायू आवळण्याचा हुकूम मज्जारज्जूतून निघतो, आणि त्याच वेळी शेजारच्या चेतापेशी 'आता पुरे' असं सांगत असतात. मज्जारज्जूत हा 'पुरे' बऱ्याच अंशी ग्लायसिनच्या रूपाने जातो. १९६५ च्या सुमाराला एप्रिसन आणि वेर्मन या संशोधकांनी ते तसं असावं असं मांडलं. धनुर्वाताच्या जंतूचं विष जखमेतून मज्जातंतूच्या वाटेने वर चढतं आणि या थांबवणाऱ्या पेशींत शिरून एकच प्रथिन कापतं, निरोपाची पुडी पेशीबाहेर सोडायला लागणारं. ग्लायसिन तयार असतं, पुड्यांत भरलेलं असतं, फक्त बाहेर पडू शकत नाही. कुचल्याच्या बियांतलं स्ट्रिक्निन वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचतं. ग्लायसिन बाहेर पडतं, पण पलीकडे ते ज्या जागी बसायचं ती जागा स्ट्रिक्निनने अडवलेली असते. दोन्हीकडे शेवट एकच, सगळे स्नायू एकाच वेळी आवळलेले. हातातला पेन मी खाली ठेवते तेव्हा बोटं सैल होतात ना, त्या सैल होण्यात हा पदार्थ असतो. माझं लक्ष कायम पेन धरण्याकडे गेलं होतं.

कॉलेजात असताना ग्लायसिनशी माझी ओळख झाली होती ती जांभळ्या रंगातून. प्रयोगशाळेत गाळणकागदाच्या लांब पट्टीवर अमिनो आम्लांच्या द्रावणाचे ठिपके ठेवायचे, पट्टी द्रावकात उभी करायची, द्रावक कागदातून वर चढताना प्रत्येक आम्लाला आपापल्या चालीने वर नेतो. कोरड्या पट्टीवर काहीच दिसत नाही. मग निनहायड्रिनचा फवारा मारून ती गरम भट्टीत ठेवायची, आणि काही मिनिटांत पांढऱ्या कागदावर जांभळे डाग उमलायचे. ग्लायसिनचा डाग खालच्या अंगाला, फार वर न चढलेला. पहिल्याच वेळी माझ्या पट्टीच्या कोपऱ्यात एक जास्तीचा डाग आला. जवळ नेऊन पाहिलं तर तो माझा अंगठा होता. घामात अमिनो आम्लं असतात, कागद हाताळताना ती लागली आणि अंगठ्याच्या रेषा न् रेषा जांभळ्या होऊन उमटल्या. बाई म्हणाल्या, पट्टी चिमट्याने धरायची. मी ती पट्टी वहीत जपून ठेवली होती. रंग काही महिन्यांत विटला.

त्याचं नाव पडलं ते गोडीवरून. १८२० मध्ये फ्रान्समधल्या नान्सीला आंरी ब्राकोनो यांनी सरस, म्हणजे जिलेटिन, गंधकाम्लात उकळलं आणि त्यातून गोड स्फटिक हाती आले. त्यांना वाटलं ही एक प्रकारची साखर आहे, आणि त्यांनी तिला जिलेटिनची साखर असंच म्हटलं. पण साखरेत नसतो तो नायट्रोजन या स्फटिकांत होता. पुढे गोड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ग्लायसिन हे नाव रूढ झालं. कातडी आणि हाडं उकळून काढलेल्या चिकट पदार्थातून ते पहिल्यांदा सापडलं, यामागे कारण आहे. तिथेच ते सगळ्यात दाट आहे.

हे समजायला त्याच्या अंगावर काय नाही ते बघावं लागतं. प्रत्येक अमिनो आम्लाच्या मधल्या कार्बनला चार हात. एकात अमिनो गट, दुसऱ्यात आम्लाचा गट, तिसऱ्यात हायड्रोजन, आणि चौथ्यात त्या आम्लाची स्वतःची अशी बाजूची साखळी. कुणाची लांब, कुणाची वलयाची, कुणाच्या साखळीत गंधक. आम्लाची ओळख त्या चौथ्या हातावरून पटते. ग्लायसिनच्या चौथ्या हातात पुन्हा एक हायड्रोजन, त्याहून लहान काही नाही. त्यामुळे त्याला डावं-उजवं नाही. प्रथिनांतल्या बाकीच्या १९ आम्लांना आरशातलं एक जुळं असतं आणि सजीव त्यातलं एकच रूप प्रथिनांत वापरतात. ग्लायसिन आरशातही तेच दिसतं. आणि बाजूला अडचण नसल्यामुळे प्रथिनाची साखळी त्याच्यापाशी अशा कोनात वळू शकते जिथे दुसऱ्या कुणापाशी वळली तर अणू अणूवर आदळतील. साखळीला कुठल्या कोनात वळता येतं आणि कुठल्या नाही याचा नकाशा १९६३ मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. त्यात बाकीच्या आम्लांना थोडीशी बेटं मिळतात. ग्लायसिनचा नकाशा वेगळाच काढावा लागतो, मोकळ्या जमिनीचा.

रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी त्याच्या आधी, १९५४ मध्ये, कोलॅजेनची रचना सुचवली होती. कोलॅजेन म्हणजे कातडी, हाडं, कंडरा, कूर्चा यांना धरून ठेवणारं प्रथिन. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा तेच. मी भाचीची वेणी घालते तेव्हा मला ही रचना हातात धरल्यासारखी वाटते. तीन पेड एकमेकांभोवती पिळत जातात, आणि पीळ घट्ट बसायचा तर मध्ये काहीही अडकून चालत नाही. कोलॅजेनच्या प्रत्येक पेडात दर तिसरं आम्ल ग्लायसिन असतं, आणि दर तिसरीच जागा तिन्ही पेडांच्या मधल्या गाभ्यात येते. तिथे इतकी कमी जागा आहे की एका हायड्रोजनपेक्षा जास्त काही मावत नाही. आपल्या हाडांतल्या मुख्य कोलॅजेनच्या एका पेडाच्या पिळलेल्या भागात १०१४ आम्लं आहेत, म्हणजे ३३८ वेळा ग्लायसिन, एकही जागा न चुकता. त्यातल्या एका जागी जनुकातल्या एका अक्षराच्या फरकाने सेरीन किंवा सिस्टीन आलं, तर तेवढ्या ठिकाणी पीळ सैल पडतो. अशी बाळं कधी कधी आईच्या पोटातच हाडं मोडून जन्माला येतात. कुशीवर वळवताना, लंगोट बदलताना बरगडी मोडू शकते. नवं आलेलं आम्ल वाईट नसतं, दुसऱ्या कुठल्याही प्रथिनात ते सुखाने बसलं असतं. इथे मात्र त्याच्या बाजूला चार अणू जास्त आहेत आणि ठेवायला जागा नाही.

हे वाचलं तेव्हा मी स्वतःच्या मनगटावर बोट फिरवत बसले होते बराच वेळ.

आणि रक्त. डेव्हिड शेमिन या जीवरसायनशास्त्रज्ञाची गोष्ट मला वर्गात सांगता आली असती, पण ती मला निवृत्तीनंतर कळली याची हळहळ आहे. १९४५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये त्यांनी स्वतः तयार केलेलं ६६ ग्रॅम ग्लायसिन स्वतःच घेतलं. दर तासाला एक ग्रॅम, सलग ६६ तास. त्या ग्लायसिनमध्ये नेहमीच्या १४ ऐवजी १५ वस्तुमानाचा जड नायट्रोजन मिसळलेला होता, किरणोत्सारी नसलेला, फक्त वजनाने ओळखू येणारा. रक्तातली प्रथिनं आणि लाल रंगाचं हीम वेगवेगळं काढून त्यांनी तो नायट्रोजन कुठे गेला ते शोधलं. तो हीममध्ये होता. लोहाला मध्ये धरणाऱ्या त्या वलयाचे चारही नायट्रोजन ग्लायसिनमधून येतात, हे त्यातून उलगडत गेलं. पण मला जास्त हलवून गेलं ते पुढचं. पेशीत एकदा गेलेलं ते जड हीम महिनोन्‌महिने तिथेच राहिलं, आणि सुमारे चार महिन्यांनी एकदम उतरायला लागलं, कारण त्या ६६ तासांत जन्मलेल्या पेशींचं वय भरलं होतं. लाल पेशी सरासरी १२७ दिवस जगते, हा आकडा एका माणसाच्या स्वतःच्या रक्तातून आला. रात्रीही त्यांनी दर तासाला उठून चमच्याने ती गोड पूड जिभेवर ठेवली असेल, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर येतं. आप्पांच्या ऑपरेशननंतर हिमोग्लोबिन पुन्हा भरून यायला काही आठवडे लागले. त्या प्रत्येक नव्या पेशीच्या लाल रंगात ग्लायसिनचा नायट्रोजन होता, म्हणजे ज्याचा मी राग करत होते त्याचाच.

मग 'अनावश्यक' हा शब्द कुठून आला ते शोधलं. इलिनॉय विद्यापीठात विल्यम रोझ यांनी उंदरांना प्रथिनांऐवजी शुद्ध अमिनो आम्लांचं मिश्रण दिलं. उंदीर वाढेनात. काहीतरी राहून गेलं होतं, आणि ते शोधता शोधता १९३५ मध्ये थ्रिओनीन सापडलं, प्रथिनांतल्या नेहमीच्या २० आम्लांपैकी सगळ्यात शेवटी हाती आलेलं. पुढे १९४० च्या दशकात त्यांच्या विद्यार्थ्यांनी स्वतःवर प्रयोग करून घेतले. स्टार्च, साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि मोजून दिलेली अमिनो आम्लं, रोज तेच. एकेक आम्ल काढून टाकायचं आणि शरीरात जाणाऱ्या नायट्रोजनचा बाहेर पडणाऱ्याशी ताळा बसतो का ते बघायचं. ग्लायसिन काढलं तरी ताळा बसत होता. म्हणून ते दुसऱ्या यादीत गेलं. प्रश्न फक्त एवढाच होता की हे ताटातून आलंच पाहिजे का? उत्तर आलं, नाही. ताटापुरतं दिलेलं ते उत्तर आम्ही वर्गात शरीरापुरतं करून टाकलं. रोझ यांची व्याख्या मात्र सावध होती. वाढीला लागेल त्या वेगाने शरीर बनवू शकतं का, अशी. त्यातला वेग आमच्या फळ्यापर्यंत पोहोचलाच नाही. कोंबडीच्या वाढत्या पिलांना ग्लायसिन त्या वेगाने बनवता येत नाही, म्हणजे त्यांच्या यादीत त्याच्यावर काट मारता येत नाही.

आता मला असं म्हणायचा मोह होतो की शरीराला ते इतकं हवं आहे की त्याने ते परक्यावर सोपवलंच नाही. बरेच जण असं म्हणतात, आणि ऐकायला छान वाटतं. पण पेशी ते कसं बनवते हे पाहिलं की हे वाक्य अडखळतं. बहुतेक ग्लायसिन सेरीनपासून येतं. सेरीन आपल्या बाजूचा एक कार्बन फोलेटला, म्हणजे ब गटातल्या एका जीवनसत्त्वाला, देऊन टाकतं, आणि तो देऊन जे उरतं ते ग्लायसिन. पेशीला त्या क्षणी बहुधा तो कार्बन हवा असतो, डीएनएची अक्षरं जुळवायला. म्हणजे कार्बनची गरज जेवढी, तेवढंच ग्लायसिन पदरात पडतं. ग्लायसिन कमी पडलं म्हणून ही वाट वाटेल तेवढी वाढवता येत नाही, कारण प्रत्येक रेणूमागे एक कार्बन ठेवायचा प्रश्न उभा राहतो. २००९ मध्ये स्पेनमधल्या काही संशोधकांनी याचाच हिशेब मांडला. ७० किलो वजनाच्या माणसाला लागणाऱ्या कोलॅजेनच्या मानाने शरीरात बनणारं आणि अन्नातून येणारं ग्लायसिन मिळूनही रोज सुमारे १० ग्रॅम कमी पडतं, असं त्यांचं म्हणणं. आकड्यावर वाद होईल. पण तो लेख वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की ही घरची बरकत नाही, काटकसर आहे. उरलेल्यातून इतकं सगळं चालवायचं: कातडी, रक्ताचा रंग, स्नायूंना ऊर्जेचा साठा पुरवणारं क्रिएटिन, पेशींना जपणारं ग्लुटाथायोन, पित्तातली आम्लं, डीएनएच्या दोन अक्षरांच्या वलयाचा मधला भाग. गर्भारपणात, मोठ्या जखमेनंतर मागणी वाढते तेव्हा हे उरलेलं पुरतं का, याचं उत्तर 'आवश्यक' आणि 'अनावश्यक' या दोन रकान्यांत बसत नाही.

एक गोष्ट मात्र मला दिलासा देते, का ते नीट सांगता येणार नाही. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनजवळ पडलेल्या उल्केत ग्लायसिन होतं. वाइल्ड-२ या धूमकेतूची धूळ स्टारडस्ट यानाने २००६ मध्ये पृथ्वीवर आणली, त्यातही ते सापडलं, आणि त्याच्या कार्बनच्या वजनावरून २००९ मध्ये खात्री झाली की ते पृथ्वीवरचं नव्हे, तिथलंच आहे. पेशी नव्हत्या, रक्त नव्हतं, ताट नव्हतं, आणि ते होतं.

रविवारी भाची पुन्हा आली. कागद तिथेच होता. "अगं, हा इथे राहिला होय!" म्हणाली आणि वहीत सरकवायला लागली. आप्पा खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते, चष्मा नाकावर घसरलेला. मी तिला त्यांची गोष्ट सांगणार होते, पण त्यांच्यासमोर सांगवेना. काट मी खोडली नव्हती. परवा तिची परीक्षा, नऊच विचारणार, तिथे तिचा हिशेब बरोबर आहे. फक्त यादीच्या खाली, मोकळ्या जागेत, मी रात्री पेन्सिलीने ग्लायसिनचा रेणू काढून ठेवला होता. मधला कार्बन, डावीकडे अमिनो, उजवीकडे आम्ल, वर एक हायड्रोजन, खाली एक हायड्रोजन. तिने कागद आडवा केला, उभा केला.

"मावशी, हे अर्धं राहिलंय. बाजूची साखळी कुठे आहे?"

"हीच ती," मी खालच्या हायड्रोजनवर बोट ठेवलं.

"बस? एवढीच?"

"एवढीच."

तिने वही मिटली नाही. हातातली पेन्सिल तशीच धरून ती त्या चित्राकडे बघत राहिली.